झोपेच्या वेळची काच

मला लहान मुलांचं फारसं कौतुक नाही, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की हिला पोर दिसलं की पाझर फुटतो. मी लॉन्ड्रीतला इस्त्रीचा हॉल सांभाळते. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी आमच्याकडे ओल्या येतात आणि घडी होऊन जातात. मधल्या वेळात त्या जळू नयेत, फाटू नयेत, आणि बायकांनी कामाचा खोळंबा करू नये, एवढं मी बघते. बायका मला तोंडावर ताई म्हणतात आणि पाठीमागे मुकादमीण. मला दोन्ही चालतं.

आमच्या हॉलमध्ये बोलायची सोय नाही. चादरी दाबणारा मोठा रोलर दिवसभर घरघरत असतो, त्यात वाफेचे फुसकारे. त्यामुळे आम्ही ओठ वाचतो. नवी आलेली बाई सुरुवातीला घसा फोडून बोलते, मग आपोआप शिकते. रोलरवर दोघी जावा आहेत. थोरली चादर आत सोडते, धाकटी पलीकडून काढते, आणि दिवसभर त्यांचं भांडण चालू असतं, पण आवाज औषधालाही नाही. थोरलीने तोंडातल्या तोंडात शिवी हासडली की धाकटी सरळ डोळे मिटून घेते. आमच्याकडे डोळे मिटले की ऐकू येत नाही.

तर अशा या हॉलला लागून साहेबांनी पाळणाघर काढलं. साहेब म्हणजे आमचा मॅनेजर. माणूस वाईट नाही, फक्त एखादी कल्पना डोक्यात शिरली की तिला बाहेरची वाट सापडत नाही. बाजूची कोठी रिकामी केली, रंग मारला, गाद्या टाकल्या, मोठ्या खिडक्या पाडल्या. पोरांवर लक्ष ठेवायला एक मावशी नेमली. आणि हॉल आणि ती खोली यांच्यामधली भिंत पाडून तिथे जमिनीपासून छतापर्यंत काच बसवली. आयांना काम करता करता मुलं दिसतील, मुलांना आया दिसतील, सगळा आनंदी आनंद. कागदावर फार छान होतं ते.

पहिल्याच दिवशी पोरांनी काचेपलीकडे आपापल्या आया बघितल्या आणि जे भोकाड पसरलं, ते रोलरच्या आवाजातही ऐकू आलं. आई समोर उभी आहे, दिसतेय, आणि येत नाही. यापेक्षा ती न दिसलेली परवडली. सगळी पोरं काचेला नाकं चिकटवून उभी. इकडे बायकांचे हात थांबले, चादरी तिरक्या जायला लागल्या, एक आई तर इस्त्री तशीच ठेवून आत पळाली. मी दिवसभर ओरडत होते आणि माझे ओठ कुणी वाचत नव्हतं.

मग साहेबांनी काचवाल्याला बोलावलं. त्याने हॉलच्या बाजूने काचेवर एक चकचकीत कागद चिकटवला. जिकडे उजेड जास्त तिकडून आरसा, जिकडे उजेड कमी तिकडून काच, असं त्याने समजावून सांगितलं. पाळणाघरात खिडक्यांचा लख्ख उजेड आणि आमच्याकडे ट्यूबलाइटचा मरतुकडा. म्हणजे आयांना मुलं दिसणार आणि मुलांना फक्त स्वतःची थोबाडं. झालं! रडारड थांबली. त्यावर साहेबांनी नियम केला, सकाळी मूल आत सोडलं की आईने संध्याकाळपर्यंत आत जायचं नाही, मध्ये गेलं की पोर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. बायकांनीही माना डोलावल्या. पाहुणे यायचे, हॉलमधून काचेतून खेळणारी मुलं बघायचे, साहेबांची पाठ थोपटायचे. दरवाजाबाहेर पाळणाघराची एक पितळी पाटीसुद्धा लागली. मला विचाराल तर मीही म्हटलं, बरं झालं, कटकट गेली.

दुपारी जेवणं झाली की मावशी खोलीचे जाड पडदे ओढायची आणि पोरांना झोपवायची. आत अंधार झाला की आमच्या बाजूने काचेचा आरसा व्हायचा. होईना, झोपलेल्या पोरांकडे बघायचं काय असतं? उलट बायकांना आयता आरसा मिळाला. डबा खाऊन आल्या की एकेक जण काचेसमोर उभी राहून केस सारखे करायची, टिकली बघायची आणि कामाला लागायची. मीही एकदोनदा पांढरे केस मोजून आले आणि मोजणं सोडून दिलं.

आता काडीबद्दल. अंगाने अगदी काडी, म्हणून तिला सगळ्या काडी म्हणायच्या. हाताला मात्र विलक्षण चपळ. दोघींनी चादर धरून चालत एकमेकींजवळ यायचं, कोपऱ्याला कोपरा लावायचा आणि मागे सरायचं, हे काम ती असं करायची की समोरची बाई दमून जायची. नवरा ट्रकवर, आज या गावी तर उद्या त्या. सासू थोरल्या दिराकडे. तीन वर्षांच्या मुलीला ठेवायला कुणी नाही म्हणून कुठे कुठे नोकरी नाकारलेली. आमच्याकडे पाळणाघर आहे हे कळल्यावर ती पहिल्या दिवशी साहेबांच्या पायाच पडायला निघाली होती. मी दंड धरून थांबवलं. म्हटलं, पाया पडायची गरज नाही, चादरी नीट धर.

तिची मुलगी चिंगी. डोळे मोठे, बोलणं कमी. सुरुवातीला तिचा काहीच त्रास नव्हता. सकाळी टाटा करायची, संध्याकाळी आईच्या गुडघ्यांना मिठी. मावशी म्हणायची, ही पोर म्हणजे सोनं आहे, फक्त दुपारी झोपताना हिची गादी काचेला लागूनच लागते, दुसरीकडे टाकली की ओढत तिथे नेते.

पुढे पुढे मात्र काहीतरी बिनसलं. सुटायच्या वेळी बाकीची पोरं दारातून सुसाट बाहेर यायची, आणि चिंगी मावशीच्या मागे जाऊन उभी राहायची. "अगं, आई आली बघ," मावशी म्हणायची, की ही तोंड फिरवायची. काडीने उचललं तर अंग लाकडासारखं ताठ. घरी गेल्यावर म्हणे बोलायचीच नाही. आईचा चेहरा दोन्ही हातांत धरून नुसती बघत बसायची, आणि आई हसली की हात काढून घ्यायची.

एकदा सकाळी काडी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. रोलर चालू होता. तिचे ओठ हलले, "ताई, शनिवारी सोडते."

"काय सोडतेस?"

"काम."

"डोकं फिरलंय का तुझं? खाणार काय?"

"बघू काहीतरी. माझी पोर मला तुटली, ताई. तिला मी नकोशी झालेय. रोज इथे टाकून जाते ना मी तिला."

मला असा राग आला! "टाकून? अगं, हाकेच्या अंतरावर आहे तुझी पोर."

"आहे ना," ती म्हणाली. "पण हाक मारता येत नाही." आणि डोळे पुसत चादरीकडे गेली. मी तिला परत बोलावलं नाही. ज्या कामासाठी ती एवढी वणवण फिरली, तेच तिला आता पोरीच्या आड आलेलं दिसत होतं.

त्याच दिवशी मावशीची दाढ ठणकायला लागली. गाल टम्म सुजलेला. साहेब म्हणाले, दुपारी मुलं झोपलेलीच असतात, तेवढा वेळ ताई बसतील, मावशीने जाऊन दाढ काढून यावं. ताई बसतील म्हणे. ताईला कुणी विचारलं नव्हतं. पण अख्ख्या हॉलमध्ये मशीन हातात नसलेली मी एकटीच, म्हणून गेले.

मावशीने पडदे ओढून दिले, गालाला हात लावून खुणेने सगळं दाखवलं आणि गेली. पोरं एकेक करत झोपली. मी एका बुटक्या खुर्चीवर गुडघे हनुवटीला लावून बसले. थोडा वेळ अंधाराची सवय व्हायला लागला. मग मान वर केली आणि जागच्या जागी थिजले.

समोर हॉल होता. सगळाच्या सगळा. अंधारात दुकानाची काच दिसावी तसा झगमगीत. रोलर, चादरींचे ढीग, गाड्या, सगळं. आणि मला हसू फुटलं, कारण धाकटी जाऊ नेमकी माझ्यासमोर येऊन उभी राहिली, ओठ फाकवले आणि नखाने दातातली भाजी काढायला लागली. मागून थोरली आली. तिने गालावरची पुटकुळी फोडली. बायका डबे खाऊन परतत होत्या आणि एकेक जण माझ्या तोंडावर तोंड आणून काय काय करून जात होती. मी पदर तोंडात कोंबून हसत होते. म्हटलं, उद्या एकेकीला धरते.

तेवढ्यात काचेजवळ काहीतरी हललं. चिंगी. ती झोपलेली नव्हतीच. गादीवर बसली होती, काचेला टेकून, अगदी शहाण्यासारखी मांडी घालून.

"झोप गं," मी दबक्या आवाजात म्हटलं.

"आई येणारे," ती म्हणाली.

आणि आली. काडी हात पुसत पुसत सरळ काचेपाशी आली. चिंगी उठून उभी राहिली, दोन्ही तळहात काचेला लावले आणि तोंडभर हसली. काडी वाकली. तिने केसांची बट कानामागे सारली. डोळ्यांखाली बोट फिरवलं. तिचं तोंड पोरीच्या तोंडापासून वीतभरावर होतं आणि डोळे बरोबर डोळ्यांत. मग तिने हसून बघितलं. संध्याकाळी पोरीसमोर कसं हसायचं त्याची बिचारी तालीम करत होती. ओठ ताणले, थोडे अजून ताणले. चिंगीने टुणटुण उड्या मारल्या, काचेवर टकटक केलं. काडीला काही ते हसू पटलं नसावं. तिने ते तोंडावरून पुसल्यासारखं काढून टाकलं, पाठ फिरवली आणि निघून गेली.

चिंगीचे हात तसेच काचेला. थोड्या वेळाने तिने ते खाली घेतले.

"रोज अस्संच करते," ती मला म्हणाली. तक्रार म्हणून नाही, नुसती माहिती द्यावी तशी. "बघते. हसते. मग नको म्हणते."

मी खुर्चीवरून उठून तिच्याजवळ गेले. मी खाली बसून तिला सांगायला लागले की बाळा, आईला तू दिसतच नाहीस, तिला आरसा दिसतो. तिने माझ्याकडे बघितलं. दिसत नाही? डोळ्यांसमोर? मोठी माणसं काहीही थापा मारतात, हे त्या पोरीला तोवर चांगलं कळलेलं होतं.

मी काचेवर मूठ आपटली. हॉलमध्ये कुणी मान वळवली नाही. "ऐकत नाही कुणी," चिंगी म्हणाली. मग मी उठून दिव्याचं बटण दाबलं, पडदे बाजूला सारले. क्षणात काचेचा आरसा झाला आणि त्यात मी, केस विस्कटलेले, तोंड उघडं. पलीकडे आता बायकांना मी दिसत असणार. मला त्या दिसेनात. म्हणजे एका वेळी एकीलाच दिसणार, ती दिसेल तेव्हा ही आंधळी आणि ही दिसेल तेव्हा ती. असली काच आम्ही पोरांच्या आणि आयांच्या मध्ये उभी केली होती आणि वर पाटी लावली होती! उजेडाने सगळी पोरं जागी झाली आणि त्यांनी एकदम सूर लावला.

आवाज ऐकून साहेब धावत आले. "काय केलंत, ताई?"

"बसा," मी म्हटलं. बुटक्या खुर्चीवर बसवलं, पडदे पुन्हा ओढले, दिवा बंद केला. साहेब पोरांच्या रडण्यात गुडघे आवळून बसले. समोर थोरली जाऊ नाकातला केस उपटत होती. तिचं पोर रडायचं थांबलं, धावत काचेपाशी गेलं, "आई! आई!" म्हणून थापा मारायला लागलं. थोरली शिंकली आणि निघून गेली. पोर काचेपाशीच खाली बसलं.

साहेब म्हणाले, "अरे देवा." मग चष्मा काढून पुसला. "काचवाल्याला सकाळी बोलावतो."

"सकाळी कशाला? कागदच चिकटवलाय ना? वाफेने सुटेल."

"पाहुणे येणारेत उद्या. मुलं रडतील, ताई."

"रडू देत."

ते उठले आणि दाराशी जाऊन म्हणाले, "मी बसतो इथे मुलांजवळ. तुम्ही तिकडे जा."

तेवढ्यात तोंडात बोळा धरून मावशीही परतली. मी तिच्यावर तोंडसुख घ्यायला निघालेच होते, "तुम्हाला रोज दिसत होतं, बोलला का नाहीत?" ती बिचारी सुजल्या गालाने म्हणाली, "मला वाटलं त्यांनाही दिसतंय. बायका येतात, पोरांकडे बघतात, झोप मोडू नये म्हणून गुपचूप जातात. मला तर बाई कौतुक वाटायचं."

हॉलमध्ये येऊन मी काडीसमोर उभी राहिले. रोलर घरघरतच होता. मी ओठ हलवले, "तुला वाटतं पोर तुझ्यावर रुसली. तिला वाटतं तू तिच्यावर रुसलीस."

तिने कपाळाला आठ्या घातल्या. "पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं. सगळंच सांगितलं. केसांची बट, डोळ्यांखालचं बोट, ते हसू. हसण्यापर्यंत आले तेव्हा तिने माझ्या तोंडावर हातच ठेवला. मग तिने मागे वळून त्या काचेकडे बघितलं आणि तिचा चेहरा असा झाला की मी बघायचं टाळलं. माझ्या ओठांकडे बाकीच्यांचंही लक्ष होतंच. आमच्याकडे एकीला सांगितलेलं सगळ्यांना कळतं. धाकटी जाऊ मटकन गाडीवरच बसली.

काडीने वाफेचा स्टीमर उचलला. कोपऱ्यातून सुरुवात करायची असते, कागद सलग निघतो, पण ती कोपऱ्याकडे गेली नाही. तिने खाली बसून पोरीच्या डोळ्यांच्या उंचीवर वाफ धरली आणि नखांनी ओरबाडायला सुरुवात केली. कागद चिंध्या चिंध्या होऊन निघत होता. बाकीच्या तीन-चार जणी आपापले स्टीमर घेऊन आल्या. रोलर दोघी जावांनी चालू ठेवला होता, तेवढी अक्कल त्यांना होती. चिंध्यांमधून पलीकडचं दिसायला लागलं. मावशीने पडदे उघडले होते, आणि कागद निघाला तिथे दोन्हीकडून आरपार दिसत होतं. पोरं काचेपाशी गोळा झाली होती आणि बुटक्या खुर्चीवर साहेब, मांडीवर कुणाचं तरी शेंबडं पोर.

चिंगी काचेपासून लांब उभी होती. काडीने हात हलवला. ती हसली, खरंखुरं, दात दाखवून, रडत रडत. चिंगी सावकाश पुढे आली. आईच्या डोळ्यांत सरळ बघितलं. मग तिने आपली एक बट कानामागे सारली, डोळ्याखाली बोट फिरवलं, हसल्यासारखं केलं, आणि पाठ फिरवून निघाली.

मी या हॉलमध्ये खूप बायका रडताना बघितल्यात, पण काडीने तेव्हा जो श्वास घेतला तसा कुणाचाच बघितला नाही. तिने काचेवर टकटक केलं. पुन्हा केलं. मग दोन्ही मुठींनी. पोर चालतच राहिली. घरघरीत तिला काय ऐकू येणार?

रोलर चालू असताना कधीच बंद करायचा नसतो. आत अडकलेली चादर जागच्या जागी जळते. नव्या बाईला पहिल्या दिवशी मी हेच शिकवते, आणि विसरली तर सोलून काढते. मी जाऊन लाल बटण दाबलं. थोरली जाऊ माझ्याकडे भूत बघितल्यासारखी बघायला लागली. रोलर घरघरत मंदावला आणि थांबला. हॉलमध्ये अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. त्या शांततेत काडीच्या मुठींचा आवाज.

चिंगी थांबली. वळली. काचेपाशी आली आणि एक पाऊल डावीकडे सरली. काडीचे डोळे तिच्याबरोबर सरले. मग ती उजवीकडे गेली. डोळे उजवीकडे. चिंगी पटकन खाली बसली. काडीही बसली. चिंगीने आईचा चेहरा बारकाईने न्याहाळला, आणि तिचे ओठ हलले. जाड काच होती, आवाज काही आला नाही, पण आम्हाला आवाज लागतो कुठे?

"दिसते मी?"

"दिसतेस," काडीने ओठांनीच सांगितलं. "दिसतेस गं माझ्या बाई."

तेव्हा चिंगीने तोंड वासलं आणि रडायला लागली. इतक्या दिवसांचं साठवलेलं. लाल झाली, हातपाय आपटले, दोन्ही हात वर केले, घे म्हणून. तिचं बघून बाकीच्यांनीही सूर धरला. बंद करायला म्हणून एवढा खटाटोप केला होता, ते सगळं रडं एका दमात परत आलं. साहेब खुर्चीवरून अर्धवट उठले आणि काचेतून माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांनीच उठून मधलं दार उघडलं आणि बाजूला झाले.

काडी जागची हलली नव्हती. नियम तिला माझ्याइतकाच पाठ होता. तिने माझ्याकडे मान वळवली.

चादरीचा जळका वास सुटला होता.

"माझ्याकडे काय बघतेस?" मी ओरडले, आणि या वेळी सगळ्यांना ऐकू गेलं. "जा!"